डिग्नामावशीचा मोकळा पाय

आमच्या ब्रॉन्क्समध्ये सरकार फार दयाळू आहे. आसरा मागायला आलेल्यांना ते कोंडत नाही; पायात कुठे जाता-येता ते कचेरीला कळवणारा बोलका पट्टा अडकवतं आणि म्हणतं, जा, मोकळे आहात! होंडुरासहून आलेली माझी शेजारीण डिग्नामावशी अशी वर्षभर मोकळी होती. पट्टा चार्ज करायला ती रोज भिंतीतल्या वायरीला पाय जोडून बसायची. चर्चमध्येही तिची जागा प्लगजवळच. पाद्री "शांती असो" म्हणाला की पट्टा म्हणायचा, "बॅटरी संपत आली."

जमिनीच्या भांडणात गावगुंडांनी दोन्ही भावांना मारलं तेव्हा मावशी पळाली. म्हातारी आई मागे राहिली, आणि या मार्चमध्ये तीही गेली. मावशीला तिचं तोंडही पाहता आलं नाही. हातात उरला फक्त नववा दिवस. आम्हा होंडुरासच्या किनाऱ्यावरच्या गरिफुना लोकांत नवव्याला ढोलावर पुंता नाचून मेलेल्याला वाटेला लावतात. लेक नाचली नाही तर आई दारातच घुटमळते.

"मावशी, जपून हं. पट्टा आहे पायात," मी म्हटलं.

"माझ्या पायात आहे गं, आईच्या नाही!" ती फिस्कारली.

पुंत्यात पाय उचलायचे नसतात, जागच्या जागी भराभर घासायचे असतात. मावशी रडत रडत उजाडेपर्यंत नाचली. मलाही रडू आवरेना.

सकाळीच पट्ट्यावर नजर ठेवणाऱ्या कचेरीतून बोलावणं आलं. मी सोबत गेले. तिथल्या मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. "पाय जागेवर, आणि पट्टा रात्रभर हादरतोय. करवतीने कापत होतात ना? कोठडीत जायचंय का?"

"नाचत होते, मॅडम. आईचा नववा होता."

"जागचं न हलता नाचत होतात? मला काय खुळी समजता? दाखवा बरं नाचून."

ढोल कुठला असायला? मी टेबल बडवलं. मावशीने बूट काढले आणि डोळे मिटून नाचू लागली. पट्टा किंचाळला, पडदा लाल झाला, मॅडमचं समाधान झालं. आईला लोक एकदाच वाटेला लावतात. सरकारकृपेने मावशीने दोनदा लावलं.

"ठीक आहे, या वेळी सोडते," मॅडम म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी घरात कोणी जाणार असेल तर दोन दिवस आधी कळवायचं."

मावशी खाली बसून बूट चढवत होती.

"नाही येणार तशी वेळ, मॅडम. मरायला आता माझं कोणी उरलेलं नाही."