बादेसाची डावी बाजू

दिर्चे गांदोल्फी आमच्याच गावची. बाप डुकरं पाळायचा, त्यामुळं जनावरांत हात घालायला ती कधी बिचकली नाही. पो नदीच्या सपाटीवर, शहराबाहेर, मेंदूचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. तिथं माकडं सांभाळायला लागली तेव्हा ती तिशीत होती, आता साठीला टेकलीय. कामाचं विचारलं की एकच सांगायची, "डुकराकडं मागनं गेलं तरी चालतं. माकडाला मात्र आधी तोंड दाखवायचं. मागनं आलास की तू चोर."

संस्थेत दोन वर्षं एकच घोळ चालला होता. एकोणीस माकडांच्या मेंदूंची चित्रं काढायची, संगणकावर एकावर एक नेमकी बसवायची आणि त्यांतनं एक सरासरी मेंदू घडवायचा. मग कुठल्याही देशातल्या अभ्यासकानं मेंदूतली अमुक जागा म्हटलं की सगळ्यांनी त्याच नकाशावर बोट ठेवायचं. नोएमी बाकिनी नावाची तरुण डॉक्टरीण हे बघायची. दिर्चेनं ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "हे कुणाचं गं डोकं?"

"कुणाचंच नाही, दिर्चेबाई. सगळ्यांचं मिळून."

"बरं झालं. म्हणजे याची घाण मला काढायला नको."

मेंदूची दोन्ही अंगं दिसायला जवळजवळ सारखी. चित्र आरशातल्यासारखं उलटं झालं तर ध्यानातही येत नाही, आणि मग नकाशाच खोटा. म्हणून माकडाला भूल दिली की त्याच्या उजव्या कानशिलावर माशाच्या तेलाची गोळी चिकटवायची. चित्रात ती पांढरी टिकली होऊन उमटते. टिकली जिकडं, उजवं तिकडं. गोळी लावायचं काम दिर्चेचं, आणि ती कधी चुकली असं कुणी ऐकलं नव्हतं. तिनंही ऐकून घेतलं नसतं.

मार्चात अठरा चित्रं बसली, एकोणिसावं अडलं. ते बादेसाचं. बादेसा म्हणजे मठाची मोठी बाई, आणि ही सव्वीस वर्षांची माकडीण होतीही तशीच, सगळ्यांना डोळे वटारून गप्प बसवणारी. चित्रं काढायचं यंत्र माणसांसाठी केलेलं, माणूस त्यात उताणा जातो. माकड जातं पालथं, पाय पोटाशी घेऊन. ते कसं निजवलंय हे संगणकाला सांगावं लागतं, ते नोएमीनं सांगितलं होतं. आता तिची नोंद एक बाजू उजवी म्हणत होती आणि गोळी दुसरी.

"माझीच नोंद चुकली असणार," नोएमी म्हणाली. "तुमची गोळी चुकत नाही. पण 'असणार' म्हणून भागत नाही. मंगळवारी बादेसाला उपाशी ठेवून परत भूल देऊ, चित्र घेऊ."

"मागच्या खेपेला तिचा श्वास दोनदा अडकला. जनावरांच्या डॉक्टरच्या तोंडाला फेस आला होता, तिच्या नाही. आता निजवलीस तर ती उठायची नाही."

"माहितीय मला. पण म्हातारं माकड ती एकच. तिला वगळलं तर नकाशा नुसता तरण्यांचा होतो."

"मग म्हातारी मारून म्हातारीचा नकाशा करणार का?"

नोएमीनं वहीत मंगळवारची वेळ लिहून टाकली.

दुपारी सगळे जेवायला गेले. दिर्चे भोपळ्याचं सारण भरलेल्या तोर्तेल्लींचं ताट तसंच टाकून यंत्राच्या खोलीत गेली आणि रिकाम्या टेबलापाशी उभी राहिली. बादेसाचं चित्र काढलं त्या दिवशी काय काय केलं ते हातांनी परत करून बघितलं. रोज ती माकडाच्या तोंडासमोर उभी असायची. समोरच्याचं उजवं म्हणजे आपल्या डाव्या हाताकडं. तीस वर्षं हात तिकडंच जात होता, डोकं चालवावं लागत नव्हतं. पण त्या दिवशी श्वास अडकला म्हणून जनावरांचा डॉक्टर नळी घेऊन तोंडापाशी अडून बसलेला. ती शेपटीकडं होती. आणि हात गेला तो डावीकडंच.

ती तशीच नोएमीकडं गेली.

"गोळी मी चुकीची लावली."

"अहो, मला सांभाळून घेऊ नका."

"तुला सांभाळायला तू काय माकड आहेस? मी ढुंगणाकडं उभी होते. माझा हात सवयीनं गेला."

नोएमीनं पेन खाली ठेवलं. "पटतंय. पण दिर्चेबाई, आठवणीवर कसं विसंबू?"

"तिचा वरचा सुळा काढलाय, गेल्या वर्षी. डावा. टोपलीभर शिव्या खाल्ल्यात मी तेव्हा. तुझ्या चित्रात जबडा येतो का?"

"येतो. पण मेंदूच हवा असतो, म्हणून बाकीचं आम्ही छाटतो."

"छाटायच्या आधीचं काढ."

नोएमीनं काढलं. दातांच्या ओळीत एका बाजूला सुळ्याची जागा मोकळी होती, आणि त्याच बाजूला, वर, पांढरी टिकली. गोळी डाव्या कानशिलावर होती. संगणकातली नोंद खरी होती.

"वाचली तुमची म्हातारी," नोएमी म्हणाली आणि खुर्चीत मागं रेलली. मग जरा चाचरत, "आता बाकीची अठराही तपासावी लागतील. आणि यापुढं गोळी लावताना शेजारी दुसरं कुणीतरी..."

"उभं कर. तोंडाकडं उभं कर म्हणजे झालं."

चूक नोंदवायचा कागद करायचा होता. नोएमीनं जपून लिहिलं, की त्या दिवशीच्या धावपळीत गोळी बहुधा डाव्या बाजूला लावली गेली असावी. खाली सहीपुरती जागा सोडली.

दिर्चेनं चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि सगळ्या ओळीवर आडवी रेघ मारली. खाली आपल्या मोठाड अक्षरात लिहिलं, 'गोळी मी डावीकडं लावली. दिर्चे गांदोल्फी.' आणि बादेसाला मंगळवारी उपाशी ठेवायचं नाही एवढं पिंजऱ्यावरच्या पाटीवर लिहायला गेली.