बंद हेडफोन

बोईसरच्या बाजारात उभं राहून एकदा "मला बंद हेडफोन पाहिजेत" असं म्हणून बघा. मी म्हणालो होतो. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बंद पडलोय.

"बंद पीस हम नहीं रखते, भाईसाब. सब चालू माल है."

"तसं नाही हो. बंद म्हणजे कानावर गच्च बसणारे. आतला आवाज बाहेर जाता कामा नये."

"तो बंद क्यों बोलते हो?"

चूक माझीच. आठवडाभर मोबाईलवर वाचून वाचून माझ्या डोक्यात तीन शब्द बसले होते. घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर हेडफोन स्टुडिओचे हवेत. ते बंद हवेत, नाहीतर त्यातला आवाज गळतो आणि माइकमध्ये शिरतो. आणि आवाजाला फ्लॅट हवेत, म्हणजे उगाच धमधम न वाढवता जसं आहे तसं ऐकवणारे. बायकोने त्यात स्वतःचा एक शब्द घातला होता, तो म्हणजे दोन हजारांच्या आत.

"बरं, फ्लॅट आहेत का?" मी विचारलं.

"अच्छा, फ्लॅट!" दुकानदाराचा चेहरा एकदम उजळला. गल्ल्याखालून त्याने रंगीत पत्रक काढलं. सालवडला, वन बीएचके, पाणी चोवीस तास, लोन होऊन जाईल, मेरा साला देखता है. मी हेडफोन घ्यायला गेलो होतो, आणि त्याच्या मेव्हण्याचा नंबर घेऊन बाहेर पडलो. पुढच्या दुकानात शहाणपण करून फक्त "स्टुडिओचे" म्हणालो, तर त्याने हात लांब करून सांगितलं, "स्टुडिओ म्हणजे पालघरला जा. पासपोर्ट फोटो पण छान काढतो." माझं डोकं असं सणकलं की काय सांगू.

एवढा आटापिटा आईसाठी चालला होता. आईच्या गळ्यात थायरॉईडची गाठ होती आणि दोन आठवड्यांनी ऑपरेशन होतं. आवाजाची नस गाठीला चिकटून जाते, तेव्हा पुढे आवाज बसू शकतो, असं डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. आईने ते हसण्यावारी नेलं. "बसला तर बसला. सत्तर वर्षं उभाच हाय बिचारा." पण आमच्या भागात हळदीची गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत येणारी ती एकटीच उरली होती. आणि मी घाबरलो होतो, सरळ सांगतो. गाण्यांसाठी किती आणि आईसाठी किती, ते तेव्हा मलाही कळत नव्हतं.

मी तारापूरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. घरी एक जुना कीबोर्ड, एक माइक आणि लॅपटॉप, एवढा माझा संसार. म्हटलं, यात काय अवघड, आईला माइकपुढे बसवू आणि गाणी घेऊ. पण आई एकटी गाईना. हळदीच्या गाण्यात एक बाई ओळ टाकते आणि बाकीच्या ती झेलतात. झेलणारं कुणी नसेल तर पुढची ओळ गळ्यातून निघतच नाही, असं तिचं म्हणणं. तिच्या झेलणाऱ्या दोघी वारल्या होत्या, एक लेकाकडे सुरतेला गेली होती आणि चौथी आमची शेजारीण, तिला ऐकू येत नव्हतं. मग मीच चार बायका झालो. मिशा असलेला शेहेचाळीस वर्षांचा माणूस पंखा बंद करून, घामाघूम होऊन, चार वेगवेगळ्या बायकांच्या आवाजात गातोय! बायको दारात आली, बघितलं आणि दार ओढून घेऊन परत गेली. आता ह्या चार बायका आईच्या कानात वाजायला हव्या होत्या, पण माइकमध्ये शिरायला नको होत्या. म्हणून बंद हेडफोन.

शेवटी गेलो पालघरला, त्याच फोटो स्टुडिओत. मरू दे, म्हटलं, निदान पासपोर्ट फोटो तरी होतील. तर लग्नाच्या व्हिडिओला गाणी जोडायला म्हणून त्या माणसाकडे खरंच दोन नवे हेडफोन पडून होते! पहिले महाग होते आणि दिसायलाही भारी. मी मोबाईलवर आईचं गुणगुणणं घेऊन गेलो होतो, ते लावलं. आई विहिरीत बसून डीजेवर बोलत्येय असं वाटलं. दुसरे अठराशेचे, काळे, साधे, कानाला जरा टोचणारे. त्यात आई आईसारखी ऐकू आली. मागे भांडं ठेवल्याचा आवाज, तिचा तो एक खाकरा, सगळं जागच्या जागी. फ्लॅट म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

"हे बंद आहेत ना?" मी खात्री करून घेतली.

"चालू आहेत हो," तो दुखावून म्हणाला.

घरी आणल्यावर आईने त्यांना आधी हळदकुंकू लावलं. नवी वस्तू. मी जीव मुठीत धरून बघत होतो. मग ती म्हणाली, "नवरा कोण हाय?"

"कसला नवरा?"

"आरं, हळदीची गाणी अशी कोरडी गाईन मी? कुणाला तरी हळद लागाया पायजे. नायतर पाप लागतं."

बायको कामाला गेलेली. घरात मी एकटाच. मग काय, बसलो बनियनवर पाटावर आणि आईने मला तोंडापासून पायापर्यंत हळद फासली. तशा पिवळ्या हातांनी मी बटणं दाबत होतो. तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आली. तिने मला पाहिलं, आईला पाहिलं आणि आली तशी पळाली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं की मी दुसरं लग्न करतोय.

पण आई गायली. अहाहा! सूर्याला, गावदेवीला, मांडवाच्या खांबाला एकेक ओळ टाकत गेली आणि कानातल्या माझ्या चार बायका ती झेलत गेल्या. बंद हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो, म्हणून माणूस नकळत मोठ्याने गातो. आई तर तरुण झाल्यासारखी गात होती. कुकरच्या शिट्ट्या नकोत म्हणून तिने भात मुद्दाम पातेल्यात टाकला होता. पाचव्या कडव्याला तिच्या नाकाला त्याचा वास लागला. तिने ताल न सोडता, डोळे वटारून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा आवाज काढला, "आरं मेल्या, गॅस बंद कर, भात लागला!" आणि लगेच पुढची ओळ टाकली.

मी उठलो नाही. इतकं चांगलं गाणं चाललेलं आणि मी पाट करकरवत उठू? हाताने 'केला, केला' अशी खूण केली. भाताचा कोळसा झाला. आई अंगणात दम खायला गेली, तेवढ्यात मी ते पातेलं गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपवलं आणि भात कुत्र्याने सांडला असं सांगितलं. पातेलं काही तिला सापडलं नाही. शेवटी तिने ठरवून टाकलं की ते शेजारणीनेच उचललं, नाहीतर ती अशी पळाली का? दोघींचं बोलणं बंद झालं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. आवाज मात्र बसला. पंधरा दिवस गेले, महिना गेला. जे निघायचं ते हवेसारखं, घोगरं, आणि तेही अर्ध्यात तुटायचं. डॉक्टर म्हणाले, येईल थोडा, पण पहिल्यासारखा धरून चालू नका. आई काही बोलली नाही. बोलणार तरी कशाने?

मी गाणी साफसूफ करून ठेवली होती. पाचव्या कडव्यातलं तिचं ओरडणं कापून बाजूला ठेवलं होतं. फेकलं नव्हतं, कंपनीतही मी जुना नटबोल्ट फेकत नाही. एका दुपारी तिला हेडफोन लावून सगळं ऐकवलं. ती ओठ हलवत ऐकत राहिली. संपल्यावर एक कान मोकळा करून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मधी मी तुला वरडले व्हते. ते कुठं हाय?"

मी तो कापलेला तुकडा काढला आणि तेवढाच लावला. तिने तो ऐकला. परत लाव, अशी खूण केली. मी लॅपटॉपची लांब पट्टी दाबत गेलो आणि तिने तो तीनदा ऐकला. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "केला व्हतास का बंद?"

खोटं बोलायचं होतं, पण जीभ रेटेना. "नाही," मी म्हणालो.

"आनि पातेलं?"

"टाकीमागे आहे."

आईने डोळे वटारले. तिने तोंड उघडलं. नुसता वारा आला. पुन्हा उघडलं, पुन्हा वाराच. मग तिने हेडफोन काढले, माझ्या दोन्ही कानांवर गच्च बसवले आणि लॅपटॉपची ती लांब पट्टी दाबली.

"आरं मेल्या, गॅस बंद कर!"

मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. गॅस बंदच होता. तरी मी बटण एकदा फिरवून पाहिलं.