सातवा संदर्भ

माझं शिक्षण चौथीपर्यंत, पालघरजवळच्या माहीमच्या शाळेत. त्यामुळे नवऱ्याने लिहिलेला इंग्रजी लेख मी वाचलेला नाही. पण त्या लेखाच्या शेवटी संदर्भांची जी यादी असते, ती लावायला मी होते. म्हणून एवढं सांगू शकते.

नवरा डॉक्टर. पालघरच्या बाजारात दवाखाना, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. तिकडे तारापूरला वीजकेंद्राचं काम सुरू झालं होतं आणि खडीचे ट्रक बोईसरकडे धूळ उडवत जायचे, ती वर्षं. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या गावांतून आठ-आठ दिवसांची मुलं यायची. जबडा मिटलेला, अंग ताठ. धनुर्वात. आई डॉक्टरांकडे बघायची आणि डॉक्टर माझ्याकडे. मी आईसाठी चहा ठेवायची. दुसरं करण्यासारखं काही नसायचं.

उपाय होता. बाई पोटुशी असतानाच तिला सुई टोचली तर मूल वाचतं, असं कुणा परदेशी डॉक्टराने करून पाहिलं होतं. त्याचा लेख आमच्याकडच्या एका जुन्या मासिकात होता. पण किनाऱ्यावरच्या बायका दवाखान्यापर्यंत येत नसत. घरोघर जाऊन टोचायला सरकारी माणसं हवी होती. हे जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटले. साहेब म्हणाले, "डॉक्टर, हे तुम्ही म्हणता. कुठेतरी छापून आणा, मग बघू."

म्हणून तो लेख.

रोगी गेले की हे लिहायला बसत. दुसऱ्या कुणाचं म्हणणं आलं की त्या वाक्याच्या डोक्यावर बारीक आकडा घालायचा, आणि शेवटी त्या आकड्यापुढे कोण म्हणालं, कुठल्या मासिकात, कुठल्या वर्षी, कुठल्या खंडात, कितव्या पानापासून कितव्या पानापर्यंत, हे द्यायचं. एकेका आकड्याची एकेक चिठ्ठी. माझ्या माहेरी पानमळा होता. विड्याची पानं आकाराप्रमाणे लावून, देठ एका बाजूला करून बांधायची सवय हाताला होती. चिठ्ठ्या तशाच लावल्या, देठाच्या जागी आकडे.

टंकलेखन कचेरीबाहेर अर्ज करून देणाऱ्या माणसाकडे. वरचे आकडे उठवायला त्याला दर वेळी रूळ अर्धा फिरवावा लागे. तो वैतागला. "डॉक्टरसाहेब, एवढी खरेदीखतं केली, पण कुणी शब्दाच्या डोक्यावर आकडा बसवायला लावला नाही."

"तुमच्या खरेदीखतावर कुणी विचारतं का, हे कोण म्हणालं म्हणून?" हे म्हणाले.

"नाही हो. तिथे अंगठा असतो."

लेख डॉक्टरांच्या एका मासिकाकडे गेला. पावसाळा संपता संपता परत आला. सोबत पत्र. यांनी ते मला मराठीत करून सांगितलं. आडनाव आधी हवं. मासिकाचं नाव आखूड करा, पण आम्ही करतो तसं. वर्ष शेवटी. खंडाच्या आकड्याखाली रेघ. आणि सातव्या संदर्भाची माहिती अपुरी आहे. ती पूर्ण करा, नाहीतर त्यावर आधारलेलं विधान काढा.

"आणि मुलांबद्दल?" मी विचारलं.

"मुलांबद्दल काही नाही."

सातवा म्हणजे तो सुईचाच लेख. त्याची पुढची पानं आमच्याकडे होती. पहिलं नव्हतं, मासिकाचं कव्हरही नव्हतं, आणि लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, वर्ष, खंड सगळं पहिल्या पानावर. जुन्या मासिकांची पानं फाडून त्यात पावडरच्या पुड्या बांधायची आमच्या दवाखान्याची पद्धत होती. तापाची साथ होती तेव्हा गर्दीत यांनी स्वतःच्या हाताने ते पान फाडलं होतं. खाडीपलीकडच्या मुरबे गावचे रोगी होते त्या दिवशी. यांना ते चांगलं आठवत होतं, आणि आठवण्याचा उपयोग नव्हता.

दवाखाना बंद ठेवून हे मुंबईला ग्रंथालयात जाऊन आले. त्या सुमाराचा खंड बांधणीला गेला होता. परत कधी येईल, असं विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "गेल्याची नोंद आहे. येण्याची नसते." नंतर दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

मग मी मुरब्याला गेले. सातपाटीपर्यंत एसटी, पुढे खाडी होडीने. पुड्या नेलेल्या घरातली बाई आमच्या दारी मासळी घेऊन यायची, म्हणून ओळख. ती अंगणात बोंबील उलटत होती. पोट पुढे आलेलं. याआधीची दोन्ही मुलं तिची आठवड्याच्या आत गेलेली.

"पुडीचा कागुद?" ती हसायला लागली. "एवढी खाडी वलांडून कागदासाठी आलीस बाय? पावडर खाल्ली, कागुद चुलीत घातला."

"नक्की?"

"मंग काय पेटीत ठेवू? काय व्हतं त्याच्यावर?"

मी सांगितलं. तुझ्यासारखीला आधी सुई टोचली तर मूल जगतं, असं होतं.

तिचं हसू थांबलं. बोंबील हातात तसाच. "डॉक्टरला ठावं हाय ना ते?"

"आहे."

"मंग कागुद जलला तं काय झालं?"

"त्यांना ठाऊक असून चालत नाही. कुठल्या पानावर लिहिलंय ते दाखवावं लागतं."

"कोनाला?"

मी म्हटलं, तू पालघरला ये, हे टोचतील. ती घराकडे बघून हळू म्हणाली, "सासू नाय सोडायची. सरकारची बाई दारात आली तं गप बसंल. तुमच्याकडं यायला नाय सोडायची."

मी सासूशी बोलले. सासूने मला सुकट बांधून दिली आणि विषय बदलला.

घरी हे दोन दिवस कागद पुढे घेऊन बसले. "वाक्य काढलं तर लेखात राहतं काय?"

"मेलेली मुलं," मी म्हटलं.

शेवटी काढलं. वाटलं, निदान छापून तर येऊ दे. सातवा गेला म्हणून आठव्याचा सातवा, नवव्याचा आठवा, असं सगळं बदलावं लागलं. दाढीच्या पात्याने टंकलेले आकडे मी खरवडले, यांनी वर शाईने नवे घातले. यादी अगदी मासिकाला हवी तशी झाली. आडनावं आधी, वर्षं शेवटी, रेघा सरळ.

लेख छापून आला. हे तो घेऊन साहेबांकडे गेले. संध्याकाळी परत आले, चपला काढल्या आणि दारातच बसले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मुलं मरतात हे आम्हाला माहीत आहे. यात उपाय कुठे लिहिलाय?"

मुरब्याच्या बाईचं मूल त्याआधीच गेलं होतं. सातव्या दिवशी. दवाखान्यात आणलंच नाही. ती पुढे मासळी घेऊन आली तेव्हा तिनेच सांगितलं, आणि सांगता सांगता मांदेली मोजून टाकली. कागदाचं तिने विचारलं नाही. मी घासाघीस केली नाही.

मासिकाने लेखाच्या सुट्या प्रती पाठवल्या होत्या. यांनी एक ठेवली. बाकीच्या बरेच दिवस औषधांच्या कपाटावर पडून होत्या. पुढच्या वर्षी तापाची साथ आली, कागद कमी पडला, तेव्हा यांनी हात वर करून तो गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मी फाडायला बसले. कागद गुळगुळीत होता, घडी धरत नव्हता. पुडी उलगडायची आणि पावडर सांडायची. शेवटी वर दोरा गुंडाळून द्यावी लागली.