शेवटच्या बाकापर्यंत

सिस्टर भेटल्या की नमस्कार करत नसत. आपलं मनगट धरून हात वर उचलत आणि मधेच सोडून देत. हात धपकन खाली पडला तर खूश. हवेत तसाच राहिला तर म्हणत, "पाह्य बरं, कसा आडमुठा हात हाये! कोन धरून ठेवला त्याले?"

तुम्हीही कुणाचा तरी उचलून पाहा. बहुतेकांचा हवेतच राहतो. आपण मोकळे आहोत असं आपल्याला उगीच वाटत असतं.

अमरावतीच्या मिशन दवाखान्यात त्यांनी जन्मभर इंजेक्शनं दिली. आमच्या गल्लीतल्या निम्म्या कुल्ल्यांना त्यांची सुई ठाऊक आहे, माझ्या तर नक्कीच. अंग ताठ असलं की सुई दुखते, म्हणून आधी माणूस ढिला करायचा, ही त्यांची सवय. रविवारी त्याच हातांनी त्या चर्चमध्ये पियानो वाजवायच्या, आणि तिथंही नियम तोच. "जोर नाई लावायचा बाबू, वजन सोडायचं. खांद्यापासून आख्खा हात पट्टीवर पडू द्यायचा. आवाज पट्टी खाली जाताना होते. खाली गेल्यावर दाबून बसलं त काय होते? आपलंच मनगट दुखते."

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझा धंदा मंडप आणि साउंडचा. आवाज वाढवायचा म्हणजे बटण फिरवायचं, एवढंच माझं संगीत. चर्चचा माईकही मीच सांभाळायचो.

मग चर्चमध्ये कूलर आले, पत्र्याचे, चांगले दांडगे चार. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात देवाच्या घरीही कूलर लागतोच, त्याला इलाज नाही. पण ते सुरू झाले की पियानो तिसऱ्या बाकापुढे जाईना. मागची मंडळी गाण्यात मागं पडू लागली. कमिटीनं पियानोला माईक लावायचं ठरवलं, तर सिस्टर अडून बसल्या. "त्याले सोताचा आवाज हाये. माईक कायले?" शेवटी कमिटीनं सांगितलं, ईस्टरला शेवटच्या बाकावर ऐकू आलं तर ठीक, नाहीतर कीबोर्ड घेऊ. वाजवायला दुसरं माणूसही ठरलं होतं.

सिस्टरांनी लग्न केलं नव्हतं. नोकरी कधीच संपली होती. रविवारचा तो तासही गेला असता तर त्यांच्याजवळ काय उरलं असतं, ते मला विचारू नका.

त्या रोज भर दुपारी जाऊन वाजवू लागल्या. वायर तपासायच्या निमित्तानं मीही जायचो आणि शेवटच्या बाकावर बसायचो. त्यांचे खांदे कानाला टेकलेले, दात आवळलेले. जितका जोर लावत तितका आवाज कोरडा होई. "आलं काय ऐकू?" "नाही, सिस्टर." पुन्हा तेच. मनगटाला बँडेज आलं. एक दिवस त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "माहा हात उचलून पाह्य."

मी उचलला आणि सोडला. तो हवेतच राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत बसलो.

"सत्तर वर्सं झाले, आन माहंच ऐकत नाई तो," त्या म्हणाल्या. "भेव भरलं त्याच्यात." आणि रडायला लागल्या. आख्ख्या गल्लीला 'रडू नको' म्हणणारी बाई. मला ते पाहवलं नाही.

म्हणून मी ते केलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी, कॉलरला लावतात तो बारका बिनतारी माईक पियानोच्या आत चिकटवून टाकला.

ईस्टरला पियानो शेवटच्या बाकापर्यंत गेला. पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि कीबोर्डचा विषय मिटला. सिस्टर बाहेर आल्या त्या नाचायच्याच बाकी होत्या. "पडला रे बाबू! आज पडला हात!" मी म्हटलं, "हो न, सिस्टर." दुसरं काय म्हणणार?

आता पुढचं ऐका. पुढच्या रविवारी मला माईक थोडा कमी करावा लागला. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. सिस्टरांचे खांदे खाली आले होते, मनगटाचं बँडेज सुटलं होतं. आपल्याला जमलं असं समजून बाई निर्धास्त झाली, आणि खरोखरच जमलं. शेवटचे दोन रविवार तर मी माईक बंदच ठेवला होता. चारही कूलर चालू, आणि शेवटच्या बाकावर पियानो स्वच्छ ऐकू येत होता. माईक काढून घ्यायचं मात्र मी आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. निव्वळ आळस.

मग एक दिवस उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या टाकायला त्यांनी पियानो उघडला. माईक घेऊन तडक माझ्या दुकानात आल्या आणि काउंटरवर ठेवला. "तुहाच न?"

"सिस्टर, दोन रविवार बंद होता तो. आईची शपथ!"

त्या हसल्या. दुखत नाही म्हणणाऱ्या पेशंटकडे पाहून नर्स हसते तसं. "चांगला हायेस तू," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना जवळजवळ ओढतच चर्चमध्ये नेलं. आत्ताच्या आत्ता खरंखोटं होऊ दे म्हटलं. माईक त्यांच्याच पिशवीत टाकला, चारही कूलर लावले आणि शेवटच्या बाकाशी जाऊन उभा राहिलो. "वाजवा!"

त्यांनी पट्ट्यांवर हात ठेवले आणि मला तिथून दिसलं, खांदे वर चालले होते. मी ओरडलो, "सिस्टर, खांदे!" कूलरच्या घरघरीत ते त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं. आख्खं गीत त्यांनी वाजवलं. मला फक्त कूलर ऐकू येत होते.

त्या वळल्या. ओठ हलले. काय विचारलं ते कळायला ऐकू यायची गरज नव्हती. मी जोरजोरात मान हलवली. आलं, आलं.

त्यांनी झाकण लावलं. मग उठून एकेक करत चारही कूलर बंद केले आणि माझ्यासमोरून बाहेर गेल्या.

आठ दिवसांनी त्या अकोल्याला भाचीकडे राहायला गेल्या. कीबोर्ड माझ्याच दुकानातून गेला. मी अधूनमधून फोन करतो. त्या बीपीचं सांगतात, अकोल्याच्या उन्हाचं सांगतात, माझ्या पोरांची चौकशी करतात. पियानोचा विषय मी काढत नाही. काढून काय सांगू? खरं होतं ते सांगून झालं आहे.