भिंतीच्या पत्र्याखालची पट्टी

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आमची चूल वेगळी झाली. बदलापूर गावातलं सासरचं घर मोठ्या दिरांकडे राहिलं आणि त्याच्या बाजूच्या भिंतीला टेकून आम्ही एक खोली काढली. वर सिमेंटचे पत्रे, उतार भिंतीपासून बाहेर. दिरांची ती भिंत खाली विटांची होती. वर, झडीचा मार बसू नये म्हणून, लोखंडी पत्र्यांनी मढवलेली. वेगळं होताना दीर एवढंच म्हणाले, "माझ्या भिंतीला हात लावायचा नाही." तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

आणि पाणी यायचं ते नेमकं तिथूनच. भिंतीच्या पत्र्यांवरून उतरलेलं पाणी आमचं छप्पर भिंतीला भिडतं त्या फटीतून आत यायचं. ह्यांनी तिथे डांबर भरलं, सिमेंट लिंपलं. दोन दिवस ऊन पडलं की पत्रे तापायचे आणि सगळं सुटायचं. मुलगी अंगावर पिणारी. तिची झोळी मी या वाशावरून त्या वाशाला बांधत फिरायचे. भाकरी तव्यावर टाकली की दारात जाऊन आभाळ बघायचं, उलटली की पुन्हा दारात. एका जागी बसणं म्हणून नव्हतं.

शेवटी ह्यांनी उल्हासनगरातल्या एका दुकानातून पत्र्याची लांब पट्टी काटकोनात वाकवून आणली.

"ही चिकटवायची?" मी विचारलं.

"चिकटवून उपयोग नाही, पाणी मागून उतरतं. हिची एक बाजू आपल्या छपरावर बसणार आणि दुसरी भिंतीच्या पत्र्याच्या आत सरकवायची. म्हणजे वरचं पाणी पट्टीवर पडेल आणि छपरावरून निघून जाईल."

"मग त्यांचे पत्रे सोडवावे लागतील."

"खालची बोल्टची ओळ. पण नट आतल्या बाजूला आहेत. दादाच्या माळ्यावर."

पट्टी पलंगाखाली पडून राहिली. येताजाता तिची कड माझ्या पायाला लागायची. एका सकाळी नळावर मी थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे वहिनींना, सगळं सांगून टाकलं. त्यांनी हंडा भरू दिला. मग कमरेवर घेत म्हणाल्या, "शुक्रवारी ह्यांची पहिली पाळी आहे. दुपारपर्यंत घरी नसतील."

आमच्या ह्यांच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असायची. दीर कामावर गेल्यावर हे छपरावर फळी टाकून चढले, वहिनी पाना घेऊन माळ्यावर गेल्या आणि मी खालून सामान देत राहिले. बोल्ट गंजलेले होते. एक तर सुटेचना, कापावा लागला. पत्र्यांची खालची कड मोकळी करून त्यात लाकडाचे तुकडे अडकवले आणि पट्टी आत सरकवायला लागलो, तोवर मलंगगडाच्या बाजूने आभाळ भरून आलं. वारा सुटला. मोकळे पत्रे धडधड वाजायला लागले. अंदाजापेक्षा फारच उशीर झाला होता. तेवढ्यात दिरांची सायकल अंगणात आली.

ते वर बघत उभे राहिले. "कुणाला विचारून?"

ह्यांनी वाऱ्याने उचललेला पत्रा दाबून धरला.

"मला विचारून," आतून वहिनींचा आवाज आला. "पाऊस आला तर आपलाच माळा भिजेल. भांडण नंतर करा."

दीर बूट न काढताच आत शिरले. जिना दणदण वाजला. आता वहिनींना ओढून खाली आणतात, असंच मला वाटलं. मी आमच्या खोलीत जाऊन झोळीतल्या मुलीला उचलून घेतलं, का ते मलाच माहीत नाही.

मग भिंतीपलीकडून ऐकू आलं, "अगं, उलटा फिरवतेस. दे इकडे."

आणि थोड्या वेळाने, मोठ्याने, "वॉशर घातलास का?"

"घातला," हे म्हणाले.

"रबराचा?"

"हो, दादा."

"डावीकडचा पत्रा ढकल. भोक जुळत नाही."

शेवटचे दोन बोल्ट भर पावसात बसले. हे फळीवर भिजत, दीर आत नट धरून. मी आमच्या खोलीत फटीखाली उभी. पट्टीवरून पाणी वळत होतं, त्याचा आवाज छपरावर लांबपर्यंत जात होता. आत एक थेंब आला नाही.

त्यानंतर भाऊ बोलायला लागले म्हणावं, तर तसं नाही. कामापुरतं बोलायचे, तेही अंगणात उभं राहून. वहिनींशी मात्र दिरांनी कितीतरी दिवस अबोला धरला. मी चोरट्यासारखी त्यांच्या दारात जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे गं. न विचारता केलं, त्याचा राग नको यायला?" आणि हसल्या. मला हसू आलं नाही. आमची खोली कोरडी झाल्याचं त्यांच्यापुढे बोलावं की नाही, हे कळेना, म्हणून मी तशीच उभी राहिले, मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेत.