सगळ्यात महागात पडलेली विद्यार्थिनी

आत्याच्या गाडीला ब्रेक दोन. एक शिकणारीच्या पायाशी, दुसरा आत्याच्या. स्वतःचा ब्रेक ती इतका अलगद दाबते की शिकणारीला वाटतं, गाडी आपणच थांबवली. तसंच वाटू द्यायचं, असं आत्याचं म्हणणं. नाहीतर बायका दुसऱ्या दिवशी येत नाहीत. सगळा परिसर तिला ब्रेकबाई म्हणतो.

ती फक्त बायकांना शिकवते. बहुतेक जणी नवऱ्याकडून शिकताना भांडून आलेल्या. आत्या प्रत्येकीला नाव ठेवते, पण तोंडावर नाही. खांबांचीही माफी मागत जाणारी ती 'सॉरीबाई'. चौकात डोळे मिटून घेणारी ती 'ध्यानस्थ'. घरी आली की रात्रीच्या जेवणात या सगळ्या जणी आमच्या ताटाभोवती फिरायच्या, आत्या त्यांची नक्कल करायची आणि आम्हाला ठसका लागायचा.

मग पुलाजवळ एक मोठं ड्रायव्हिंग स्कूल निघालं. नव्या कोऱ्या गाड्या, फोनवरून वेळ ठरवायची सोय. आत्याच्या विद्यार्थिनी आटत गेल्या. गाडी घेताना अर्धे पैसे बाबांनी घातले होते, त्यामुळे बोलायचा हक्क त्यांना होता आणि त्यांनी तो वापरला. महिनाअखेरपर्यंत चार नव्या बायका आल्या नाहीत तर गाडी विकायची, असं त्यांनी सांगून टाकलं. आत्या उठली. खाली गेली आणि सकाळीच धुतलेली गाडी पुन्हा धुऊ लागली. गाडीशिवाय आत्या म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तिलाही नसावं.

फोनवर जाहिरात करायची कल्पना माझी. मी तिचा फोटो काढला: खिडकीवर कोपर, चेहऱ्यावर तिचं ते शांत हसू, खाली ओळ, 'घाबरू नका, मी आहे ना.' पैसे आत्याने दिले. दाढा बसवायला ठेवलेले होते. म्हणाली, एका बाजूने चावायची सवय झालीये मला. कोणी जाहिरातीवर क्लिक केलं की त्याचे पैसे आमच्या खात्यातून कापले जाणार, हे मी तिला समजावलं. जाहिरात कुठे कुठे दिसावी, या प्रश्नाला मी 'सगळीकडे' असं उत्तर देऊन टाकलं. सगळीकडे म्हणजे कुठे, हे कोण विचारतं?

क्लिक धो धो आले. पहिल्या दिवशी आम्ही फक्त पेढे आणायचेच काय ते बाकी ठेवले होते. फोन मात्र मुका. आत्या तो बाथरूममध्येही घेऊन जायची. शेजारणीच्या फोनवरून स्वतःलाच लावून बघायची, वाजतोय ना म्हणून. वाजायचा.

इतक्या क्लिकांमधून बाई आली ती एकच. सडपातळ, पस्तिशीची, बोलायला कमी. उजव्या अंगठ्याला कायम जखमेची चिकटपट्टी. म्हणून ती 'पट्टीवाली'. हात चांगला आहे, आत्या म्हणाली, नजर जरा जवळच अडकते.

पैसे संपत आले तेव्हा मी हिशेब उघडून बसले. जवळजवळ सगळे क्लिक एकाच ठिकाणाहून आलेले: अंधारात उजेड पाडायच्या एका फुकट टॉर्चच्या अ‍ॅपमधून. आत्याने चष्मा वर करून पाहिलं. "टॉर्च लावताना कोणाला गाडी शिकावीशी वाटते गं?" मग तिनेच सुचवलं, पट्टीवालीला विचारू. जाहिरात बघून आलेली ती एकटीच तर आहे.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या सीटवर बसले. पट्टीवाली गाडी चालवत होती, आत्या शेजारी. बाजारातून बाहेर पडून रस्ता मोकळा झाला तसं मी सहज विचारलं, आमची जाहिरात तुम्हाला नक्की कुठे दिसली?

"कामावर," ती म्हणाली. "रोजच दिसते."

कसलं काम? तर फोनवरचं. एका खोलीत बसायचं, रॅकवर फोन लावलेले असतात, जाहिरात आली की दाबायची. उघडली की जरा थांबायचं, बोटाने थोडं वर-खाली करायचं, म्हणजे खरं माणूस वाचतंय असं वाटतं. मग बंद करून पुढचा फोन. टॉर्चच्या अ‍ॅपवाल्या मालकाला प्रत्येक क्लिकमागे वाटा मिळतो, त्यातून ह्यांचा पगार. हे सगळं ती इंडिकेटर देत, आरशात बघत, अगदी शिकवल्याप्रमाणे सांगत होती.

"तुमचा चेहरा मला फार आवडायचा मॅडम," ती पुढे म्हणाली. "वाटायचं, ह्या बाई ओरडणार नाहीत. म्हणून पगारातून साठवले आणि आले."

 आत्याने फक्त विचारलं, "माझ्यावर किती वेळा दाबलं असेल तुम्ही?"

"छे, मोजतंय कोण. दिवसभर. पण ते पैसे मोठ्या कंपन्यांचे असतात, त्यांना काही फरक पडत नाही, असं साहेब म्हणतात."

"ते पैसे माझ्या दातांचे होते हो, बाई."

गाडी जागच्या जागी गचकन थांबली. मी पुढच्या सीटवर आपटले. आजवर दुसऱ्यांच्या चुकांसाठी अलगद दाबलेला तो ब्रेक आत्याने पहिल्यांदाच सगळा पाय देऊन दाबला होता. मागे हॉर्न सुरू झाले. पट्टीवाली स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसली होती, चेहरा पांढराफटक. तिला खरंच माहीत नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं आणि माझा राग कुठे ठेवावा ते कळेना.

 मग आत्या खालच्या आवाजात म्हणाली, "पहिला गिअर टाका. लोक खोळंबलेत. आणि ती खोली दाखवा मला."

ती खोली एका बंद पडलेल्या शिवणकारखान्याच्या वरच्या मजल्यावर. साहेब जेवायला गेले होते. खिडक्यांना पुठ्ठे, भिंतीला रॅक, रॅकवर फोनच फोन, आणि समोर प्लास्टिकच्या स्टुलांवर बायका. सगळ्यांच्या अंगठ्याला पट्ट्या. आणि त्या फोनांवर आत्या. खिडकीवर कोपर, घाबरू नका, मी आहे ना. एका फोनवर उगवायची, एक अंगठा यायचा, ती जायची, शेजारच्या फोनवर पुन्हा उगवायची. मी आत्याचा हात धरला. 

एकीने मान वळवली. रॅककडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, पुन्हा रॅककडे.

"अगं, ह्या त्या गाडीवाल्या बाई."

सगळ्या जणी उभ्या राहिल्या. चोरी पकडली गेली म्हणून नाही. ओळखीचं कोणी घरी आल्यासारख्या. एक वयस्कर बाई कौतुकाने म्हणाली, तुमची जाहिरात बरी, लवकर उघडते, फार गरगरत नाही. पट्टीवालीने हळूच सगळ्यांना सांगितलं, पैसे कोणाचे जातात ते. मग खोलीत नुसता फोनांचा पिकपिक आवाज राहिला. आत्या वळली. जिना उतरताना ती प्रत्येक पायरीवर भिंत चाचपत होती.

घरी येऊन मी त्या टॉर्चच्या अ‍ॅपवर आमची जाहिरात दिसणं बंदच केलं, तसल्या आणखीही अ‍ॅपवर. आता जाहिरात फक्त आसपास राहणाऱ्या आणि स्वतःहून ड्रायव्हिंग स्कूल शोधणाऱ्यांनाच दिसेल, असं करून ठेवलं. खोलीबद्दल जाहिरात कंपनीला सविस्तर लिहिलं. तपास करू, असं उत्तर आलं. गेलेले पैसे परत येतील की नाही, त्यात काहीच नव्हतं.

पट्टीवालीला आता काढून टाकशील ना, असं मी विचारलं. आत्या माझ्याकडे बघत राहिली. "वेडी आहेस का? एवढी महागाची विद्यार्थिनी मला जन्मात मिळाली नव्हती. ती नापास झाली तर सगळंच पाण्यात." पट्टीवालीने ते काम सोडलं होतं आणि फीचे राहिलेले पैसे आठवड्याला थोडे थोडे आणून देत होती. शिकताना एकदाही मान वर करत नव्हती. आत्या सारखी सांगायची, लांब बघा, लांब.

महिनाअखेरीला बाबा गाडीचे कागद मागायला आले. नव्या बायका आल्या होत्या पट्टीवाली धरून दोनच, चाराला दोन कमी. आत्याने कागद टेबलावर ठेवले, त्यावर किल्ली ठेवली. बाबांनी किल्ली उचलली आणि तेवढ्यात फोन वाजला. आत्याने तो कानाला न लावता तसाच स्पीकरवर घेतला. शेजारीणच फोन वाजतोय का बघत असणार, असं तिला वाटलं असेल.

"गाडीवाल्या बाई ना? हल्ली तुमचा फोटो येतच नाही फोनवर. म्हटलं, स्वतःच लावून बघावा. आम्हा दोघींना शिकायचंय. मी आणि माझी जाऊ."

आत्या खुर्चीत बसली. 

"अंगठ्याला पट्टी आहे का तुमच्या?"

 पलीकडून अगदी लहान आवाजात, "आहे."

"आणि जावेच्या?"

"तिच्यापण."

आत्याने बाबांकडे पाहिलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"उद्या सकाळी या," ती फोनमध्ये म्हणाली. "बंद चपला घालून या. आणि तोवर फोटो दिसलाच, तर माझ्यावर बोट ठेवू नका."