कोणाचं कोमट?

आमच्या घरात ‘कोमट’ हा शब्द कोणी उगाच तोंडातून काढत नाही. काढला की मी विचारतो, "कोणाचं कोमट?" सुना हसतात, नातवंडं तर मुद्दाम काढतात. हसू द्या. या एका शब्दापायी एका बाईचं वर्ष बुडता बुडता राहिलं, आणि त्यात दोष माझा नव्हता, शब्दाचा होता. मी आजही तसंच म्हणतो.

आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. आम्ही ढिवर, तलावावर जाळं टाकून जगणारे. मी दुसरीपर्यंत शिकलेला, घरात पहिली पोरगी नुकतीच झालेली, अंगात रग. त्या आषाढात नागपूरच्या कॉलेजातल्या एक बाई छोट्या रेल्वेने नागभीडला उतरल्या आणि तिथून बैलगाडीने, मांडीवर लाकडी पेटी घेऊन, आमच्या गावात आल्या. गाडीभर चिखल उडाला होता, पेटीवर मात्र एक शिंतोडा नव्हता.

पेटीत दुर्बीण होती. आभाळ पाहायची नव्हे, बारीक जीव मोठा करून दाखवणारी. तिच्यावर फोटोचं यंत्र बसवलेलं, ते थोड्या थोड्या वेळाने आपोआप ‘टक्’ करायचं. बाईंना रोहूचं एक अंडं धरून त्यातून पिल्लू बाहेर येईपर्यंत त्याच अंड्याचे फोटो काढायचे होते, मधे खंड न पडता. पुढे ते फोटो भरभर फिरवले की पिल्लू घडताना दिसणार, असं त्या म्हणाल्या.

"पण बाई, रोहू काही कोंबडी नोहे, रोज अंडे द्याले," मी म्हटलं.

त्यांना ते ठाऊक होतं. वरून पुराचं पाणी तलावात आलं की रोहू उथळ बांध्यांत, म्हणजे काठच्या धानाच्या शेतांत, चढते आणि अंडी टाकते. पाणी ओसरलं की खेळ संपला. आदल्या वर्षीचा पावसाळा बाईंचा रिकामाच गेला होता. यंदाही जमलं नाही तर यंत्र कॉलेजातल्या दुसऱ्या कोणाला मिळणार आणि त्यांचं काम तिथंच बंद पडणार.

चावडीत त्यांनी सामान मांडलं. दिव्याने अंडं तापू नये म्हणून दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोल चंबू. पहिल्या पुरात मी बांधीतून आणलेलं अंडं एका काचेच्या वाटीत, आणि ती वाटी पाण्याच्या परातीत. ते पाणी बदलत राहायचं, हे काम माझं.

"दिव्यानं तापायला नको, वाऱ्यानं गारठायला नको," बाई म्हणाल्या. "कोमट ठेवा."

मी काही विचारलं नाही. कोमट कोणाला कळत नाही? आमच्या घरी त्याच आठवड्यात रोज कोमट पाणी होत होतं. माझी माय नातीला आंघोळ घालायची, त्या पाण्यातून वाफा निघायच्या आणि माय म्हणायची, "आता झालं कोमट." तसंच पाणी मी चावडीत नेलं.

थोड्या वेळाने बाई दुर्बिणीतून पाहतात तो काय, काचेसारखं अंडं भाताच्या शितासारखं पांढरं झालेलं. त्यांनी परातीत बोट घातलं आणि चटकन मागे घेतलं.

"हे कोमट?"

"मंग काय थंडं हाय?" मी म्हटलं. "तुम्हीच म्हटलं कोमट ठेवा. मी कोमट ठेवलं."

"अहो, अंडं शिजलं!"

"अंडं कच्चं असन."

आम्ही भांडलो. त्या माझ्याहून कमी हट्टी नव्हत्या. शेवटी त्या चावडीच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि सांडव्याकडे पाहू लागल्या. सांडव्याची धार बारीक होत चालली होती, पूर ओसरत होता. तेव्हा मात्र मला बरं वाटलं नाही. त्या उठल्या, मला तलावाच्या काठावर नेलं आणि म्हणाल्या, "हात घाला." मी घातला.

"हे माझं कोमट."

"हे त थंड हाय, बाई!"

"तुमच्या हाताला. मासोळीला नाही."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. कोमट कोणाचं, हे आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.

वरच्या जंगलात पुन्हा पाऊस झाला आणि सांडवा गर्जायला लागला. दिवस कलताना बांधीत पाणी खळबळलं, रोहू पाठ वर काढून धावत होत्या. मी ओंजळीने अंडी उचलली, तलावाच्याच पाण्यात. बाईंनी पाऱ्याच्या नळीला एक लाल दोरा बांधला. पारा दोऱ्यावर राहिला पाहिजे. वर गेला तर गार पाणी, खाली आला तर चुलीवरचं जरासं. शब्द नाही, दोरा. हे मला पटलं.

पण मी लोट्याने पाणी घातलं की परात हलायची, अंडं गडगडून दुर्बिणीच्या डोळ्याबाहेर जायचं आणि यंत्र रिकाम्या पाण्याचा फोटो काढायचं. बाईंनी रबरी नळी लावून पाहिली, ती कधी धो धो, कधी बंद. मग मला महादेवावरचं गळतं भांडं आठवलं. देवळातली पूजा माझे काकाच करायचे. मी धावत गेलो.

"काका, गळतं मडकं द्या."

"काऊन? तुया घरी महादेव आला का?"

"मासोळीच्या अंड्याले पाहिजे."

"अंड्याले अभिषेक!" काका ओरडले. "लेका, उद्या खेकड्याची आरती करशीन!" पण मडकं दिलं, आणि त्याच्या भोकात वात पिळून बसवायला स्वतः चावडीत आले. मडक्यातलं पाणी थेंब थेंब परातीच्या कडेला पडू लागलं. नुसतं मडक्याचं पाणी दोऱ्याखाली गार व्हायचं, म्हणून बाईंनी मडकं चंबूशेजारी, दिव्याच्या उबेत सरकवलं. आणखी जवळ, थोडं दूर, असं करत करत पारा दोऱ्यावर येऊन बसला. अंडं हललं नाही.

रात्रभर आम्ही पाळीपाळीने पारा पाहिला. काका शेवटपर्यंत घरी गेले नाहीत.

सकाळी बाईंनी मला खुणेने बोलावलं. मी डोळा लावला. आत शेपटी होती, डोळे होते, आणि मधे काहीतरी टुकटुक करत होतं.

"काळीज," बाई म्हणाल्या.

मी तसाच पाहत राहिलो. शेपटीने एक फटका मारला, मग दुसरा, आणि पडदा फाटून ते इवलंसं बाहेर आलं. ‘टक्,’ यंत्राने फोटो काढला. बाई टाळ्या वाजवत नाचायलाच लागल्या. काका म्हणाले, "हटा, मले पाहू द्या," आणि पाहून महादेवाचं नाव घेतलं.

मी घरी पळालो. माय नातीला आंघोळ घालायला बसली होती, पोरगी टाहो फोडत होती. मी पाण्यात कोपर बुडवलं.

"माय, हे कोमट नाई. हे भात शिजवाचं पाणी हाय."

"तुले याच पाण्यानं वाढवलं. मेला का तू?"

बाजेवरून बायको हळूच म्हणाली, "म्हणूनच डोकं असं तापट झालं."

मी लोटाभर गार पाणी ओतलं. पोरगी गप्प झाली आणि पाण्यात पाय मारायला लागली, अगदी त्या पिल्लासारखे.

"पाहा," मी म्हटलं.

"आंघोळ सरत आली म्हून गप्प झाली," माय म्हणाली. शेवटपर्यंत तिने दुसरं काही कबूल केलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून घंगाळाशेजारी गार पाण्याचा एक लोटा ठेवलेला असायचा. तो तिथं कोणी ठेवला, हे मीही कधी विचारलं नाही.